फुकटचा लॅपटॉप आणि चोवीस महिन्यांचं ब्रॉडबँड: एकदा गणित करून बघू

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. इंग्लंडात लेस्टरला एमएससीला आलीय, येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत, बॅगेतल्या चटणीच्या पिशव्यासुद्धा अजून सगळ्या फोडल्या नाहीयेत. "मावशी, इथे ब्रॉडबँड घेतलं की लॅपटॉप फ्री देतायत, घेऊ का? ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे म्हणे." तोपर्यंत साताऱ्याहून ताईचा, म्हणजे तिच्या आईचा, व्हॉट्सॲपवर मेसेज येऊन पडलेलाच, की तिकडे लॅपटॉप फुकट मिळतात तर आम्ही इथे कशाला पैसे घालायचे, तिचा जुना तसाही बंद पडायला आलाय.

मी काही टेलिकॉमवाली नाही. रेडिंगला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि चौदा वर्षं इथली बिलं भरतेय, एवढीच काय ती माझी पात्रता. पण तिला फोनवर जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीला सांगावं लागलं, मग मैत्रिणीच्या मित्राला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. इंग्लंडात नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी आहे हे मुख्यतः, पण तिकडे पुण्या-नाशकात हप्त्यावर फोन घेणाऱ्यालाही गणित तेच लागू पडतं.

आधी 'आज रात्री बारापर्यंत' याचं बघू, कारण घाई तिथेच होते. असल्या ऑफर बारा वाजता संपतात आणि बऱ्याचदा सव्वाबाराला दुसऱ्या नावाने परत सुरू होतात. झोपा शांत. सकाळी कागद पेन घ्या.

आता फ्री म्हणजे काय. इथे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी, आणि त्यांचे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. पॅकेजच्या किमतीतच एखाद्या वस्तूचे पैसे धरले असतील तर त्या वस्तूला फ्री म्हणता येत नाही, सूट एवढीच की ती वस्तू पॅकेजमध्ये नुकतीच टाकलीय आणि त्यापायी किंमत वाढवलेली नाही. त्यामुळे शहाण्या कंपन्या फ्री शब्द जपून वापरतात. नीट वाचलंत तर 'लॅपटॉपसह' असतं, 'आज भरायचे ० पौंड' असतं. फ्री हा शब्द आपणच आपल्या डोक्यात घालतो आणि मग फोन करून मावशीला सांगतो.

हा प्रकार नवीन नाहीये. २००६ मध्ये टॉकटॉकने फ्री ब्रॉडबँड म्हणून धुमाकूळ घातला होता, त्यात ब्रॉडबँड फ्री होतं पण त्यांचा फोनकॉलचा प्लॅन घ्यायचा आणि दीड वर्ष बांधून घ्यायचं. मग २००८ च्या आसपास डोंगलचं पीक आलं, मोबाइल ब्रॉडबँडचं ते काडीएवढं यंत्र यूएसबीला लावायचं, आणि त्याच्याबरोबर छोटे नेटबुक लॅपटॉप फुकट म्हणून द्यायला लागले. आम्ही इथे आलो तेव्हा ज्यांच्या घरी भाड्याने राहिलो त्या काकांकडे तसला एक होता, कपाटावर, चार्जरसकट. पोळपाटाएवढा. काका म्हणायचे, "याचे हप्ते संपले तेव्हा हा चालू होत नव्हता." म्हणजे वस्तू बदलली, नेटबुक गेला, आता कधी लॅपटॉप असतो कधी टीव्ही कधी गेमचा कन्सोल, पण आवळा देऊन कोहळा काढायची रीत जुनीच आहे. कधीकधी खरंच आवळा देऊन आवळाच घेतात, तेही सांगते पुढे, पण ते कळायला मोजावं लागतं.

तर मोजूया. आकडे मी समजायला सोपे पडतील असे धरतेय, तुम्ही तुमच्या ऑफरचे घाला.

समजा लॅपटॉपवाला प्लॅन महिना ४५ पौंड, २४ महिने. आता त्याच कंपनीचा, त्याच स्पीडचा, तेवढ्याच मुदतीचा, लॅपटॉप नसलेला प्लॅन शोधायचा. तो असतोच, फक्त त्या पानावर दिसत नाही, पोस्टकोड टाकून वेगळं बघावं लागतं. तो २८ पौंडाला आहे असं धरा. फरक १७. गुणिले २४ महिने म्हणजे ४०८ पौंड. झालं, ही त्या फुकट लॅपटॉपची किंमत. सुरुवातीला काही भरायचं असेल, डिलिव्हरी, ॲक्टिव्हेशन वगैरे, तर तेही यात मिळवा.

मग त्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर, म्हणजे नुसतं 'एचपी १४ इंची' नाही तर मागे ती जी आकडे-अक्षरांची माळ असते ती पूर्ण, सर्चमध्ये टाकायची आणि दुकानात तो आज कितीला मिळतोय ते बघायचं. जाहिरातीत त्याच्या बाजूला '४४९ पौंडांचा' असं ठसठशीत लिहिलेलं असतं, त्याकडे बघायचं नाही, ती छापील किंमत, त्या किमतीला तो लॅपटॉप कुणी विकत घेतला असेल तर मला भेटवा त्याला. दुकानात तो २९९ ला असतो. म्हणजे जाहिरातीवर विश्वास ठेवला तर ४४९ चा माल ४०८ ला मिळाला, ४१ वाचले. दुकानाची किंमत धरली तर २९९ चा माल ४०८ ला घेतला, १०९ गेले. सगळी मेख या एका आकड्यात आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात, कारण छापील किंमत समोर असते आणि खरी शोधावी लागते.

भाची इथे म्हणाली, "पण मावशी १०९ जास्त गेले तरी एकदम २९९ द्यावे लागत नाहीत ना." बरोबर आहे, तो मुद्दा खरा आहे. नवीन आलेल्या पोराकडे एकरकमी पैसे नसतात, घराचं डिपॉझिट गेलेलं असतं, आणि पौंडाला शंभरच्या वर रुपये मोजताना हात थरथरतो. पण मग त्याला कर्ज म्हणायचं आणि कर्जाच्याच नजरेने बघायचं. २९९ पौंड उसने घेतले आणि महिना १७ प्रमाणे २४ हप्त्यांत फेडले तर व्याज किती बसलं? मी एक्सेलमध्ये काढलं, महिन्याला २.६५ टक्क्यांच्या आसपास, वर्षाला साधारण ३७ टक्के. सावकारी झाली ही. ताईला हे सांगितलं तर म्हणाली एवढ्या व्याजाने तर मी तुझ्या आत्येसासूलाही दिले नसते. इथे बँकेने असं कर्ज दिलं असतं तर तिला ३७ टक्के हा आकडा ठळक छापावा लागला असता, पण तेच पैसे ब्रॉडबँडच्या बिलात विरघळवले की व्याज असा शब्दच कुठे येत नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना हेच सुनावलं होतं, की झिरो टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज कुठेतरी दुसरीकडे भरलेलं असतं, प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर न दिलेल्या डिस्काउंटमध्ये. आता आपण त्याला 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतो, नाव बदललं.

ताईला समजावून सांगायला मी तिचंच उदाहरण घेतलं, जिओफोन नेक्स्टचं. २०२१ च्या दिवाळीत आला होता, आमच्या भावजींनी शेतावरच्या माणसासाठी घ्यायचा म्हणून बरीच चौकशी केली होती. रोख ६४९९ रुपये, नाहीतर आधी १९९९ भरा, वर ५०१ प्रोसेसिंग, आणि मग महिन्याला ३०० असे २४ महिने, त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं. बेरीज करा, ९७००. त्यातून रोख किंमत वजा केली तर ३२०१ उरले, म्हणजे दोन वर्षांचं रिचार्ज महिना साधारण १३३ ला पडलं. आता बघा, ज्याला खरंच ५ जीबी आणि शंभर मिनिटं पुरतात त्याला हा काही लुटीचा सौदा नव्हता. पण ज्याला रोज रात्री कुस्त्यांचे व्हिडिओ बघायचेत त्याचे ५ जीबी आठवड्यात संपणार, मग वरून वेगळं रिचार्ज मारणार, किंवा महिन्याला साडेचारशे-पाचशेचा वरचा प्लॅन घेणार. म्हणून मी म्हणते गणित दोन्ही बाजूंनी करा. लॅपटॉपचे पैसे बाजूला काढून ब्रॉडबँड कितीला पडतंय तेही बघा, आणि ते ब्रॉडबँड तेवढं आपल्याला लागतं का तेही. ४५ वाल्या प्लॅनमध्ये ९०० एमबीपीएस असतं बऱ्याचदा. एका पोरीला लेक्चरं बघायला आणि आईशी व्हिडिओ कॉल करायला ९०० कशाला पाहिजे, साठ-सत्तरमध्ये अख्खं घर आरामात चालतं.

आता दरवाढ. हे नवीन माणसाला माहीतच नसतं. इथे करार २४ महिन्यांचा असला तरी दर तोच राहील असं नाही, बहुतेक मोठ्या कंपन्या दर वर्षी एप्रिलच्या आसपास बिल वाढवतात आणि ती वाढ करारातच लिहिलेली असते, म्हणून सोडून जाता येत नाही. पूर्वी ही वाढ महागाईच्या दराला जोडलेली असायची, महागाई अधिक ३.९ टक्के असं काहीतरी. २०२३ च्या वसंतात त्याचं जे काय झालं, महागाई साडेदहा, वर हे ३.९, मिळून १४.४ टक्के, लोकांचे डोळे पांढरे झाले. आणि यातली गंमत अशी की लॅपटॉपचे पैसे आणि ब्रॉडबँडचे पैसे एकाच बिलात कालवलेले असतील तर वाढ सगळ्यावर लागते. म्हणजे ४५ वर १४.४ टक्के साडेसहा पौंड, २८ वर चार. वरचे अडीच पौंड कशाचे, तर तुमच्या घरात पडलेल्या, आधीच ठरलेल्या किमतीच्या लॅपटॉपचा हप्ता महागाईने वाढला त्याचे! फ्रिजचा हप्ता मध्येच वाढलाय असं आपण कधी ऐकलंय का.

ते आता बंद झालं. ऑफकॉम म्हणून फोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी इथली ट्रायसारखी संस्था आहे, तिने १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांना टक्क्यांची भाषा बंद केली, वाढ करायचीच तर किती पौंड किती पेन्स आणि कधीपासून हे सही घ्यायच्या आधी सांगावं लागतं. त्यामुळे आता 'दर एप्रिलला ३ पौंड', 'दर एप्रिलला ४ पौंड' असं लिहिलेलं दिसेल. चांगलंच आहे, पण ते लिहिलेलं वाचून बेरजेत घ्यायचं काम आपलंच. ऑक्टोबरमध्ये करार केला तर २४ महिन्यांत दोन एप्रिल येतात, पहिल्या एप्रिलपासून १८ महिने ३ पौंड आणि दुसऱ्यापासून ६ महिने अजून ३, म्हणजे ५४ अधिक १८, ७२ पौंड. हे दोन्ही प्लॅनना सारखं लागत असेल तर लॅपटॉपच्या किमतीत फरक पडत नाही, पण खिशातून जाणारच.

काही कंपन्या वस्तूचा हप्ता आणि सर्व्हिसचं बिल असे दोन वेगळे करार करतात. तसं असेल तर मला ते जास्त बरं वाटतं, कारण हप्ता किती, व्याज किती, कधी संपणार, सगळं कागदावर दिसतं आणि एप्रिलला हप्ता हलत नाही. विचारायचं सरळ, लॅपटॉपचा करार वेगळा आहे का म्हणून.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो मुद्दा. पैशांपेक्षा मला महिन्यांची जास्त काळजी वाटते. भाचीचा कोर्स एक वर्षाचा. घराचा करार ११-१२ महिन्यांचा. आणि ब्रॉडबँड २४ महिन्यांचं. इथे कायद्याने घरच्या ब्रॉडबँडला २४ महिन्यांपेक्षा जास्त बांधता येत नाही, पण लॅपटॉपवाल्या ऑफर बरोबर तेवढ्याच्या असतात, अठराच्या क्वचित, बाराची मी तरी पाहिली नाही. कारण उघड आहे, १२ महिन्यांत वसूल करायचं तर बिल एवढं फुगेल की कुणी घेणार नाही.

मग पुढच्या सप्टेंबरात काय होणार? नोकरी लागली बर्मिंगहॅमला, नाहीतर लंडनला, किंवा नाहीच लागली आणि सामान बांधून साताऱ्याला. करार मधेच मोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात. पूर्ण नाही मागत, व्हॅट आणि कंपनीचा जो खर्च वाचतो तो वजा करतात, पण लॅपटॉप तर देऊन झालेला असतो, तिथे त्यांचं काय वाचणार. धरा १२ महिने उरलेत, ५४० चे कापून ४३० मागितले. म्हणजे भाचीने पहिल्या वर्षाचे ५४० भरले, वर हे ४३०, एकूण ९७०. त्याऐवजी साधा १२ महिन्यांचा प्लॅन थोडा महाग, ३२ पौंडाला घेतला असता तर ३८४. फरक ५८६ पौंड. तो २९९ वाला लॅपटॉप दोन घ्यायचे तर ५९८ लागतील, म्हणजे या पैशांत जवळजवळ दोन आले.

लोक म्हणतात घर बदललं तर कनेक्शन घेऊन जाता येतं. येतं, नवीन घरात त्या कंपनीची लाइन असेल तर. आणि नव्या घरात आधीच दुसऱ्याच्या नावाचं ब्रॉडबँड असतं, शेअरिंगमध्ये तर असतंच, मग तुमचं तुम्ही कुठे लावणार, स्वयंपाकघरात? आणि जे युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, म्हणजे होस्टेलवर, राहतायत त्यांनी तर हा लेख इथेच बंद करावा, तुमच्या भाड्यात वायफाय आलेलं असतं.

शेअरिंगवरून आठवलं. चार जण एका घरात राहतात, बिल एकाच्या नावावर, लॅपटॉपही त्याच एकाचा. आता ४५ चे चार भाग केले तर प्रत्येकी सव्वाअकरा, २८ चे केले तर सात. म्हणजे तिघंजण महिन्याला सव्वाचार पौंड कशाचे भरतायत? तर चौथ्याच्या लॅपटॉपचे. दोन वर्षांत प्रत्येकी १०२. हे त्यांना पहिल्या महिन्यात कळत नाही, तिसऱ्या महिन्यात भांडी घासण्यावरून वाजतं तेव्हा बरोबर कळतं. आणि ज्याच्या नावावर आहे त्याचंही काही खरं नाही, जूनमध्ये तिघं गावी निघून गेले की डायरेक्ट डेबिट याच्याच खात्यातून जातं. हप्ता चुकला तर याचाच क्रेडिट रेकॉर्ड खराब होतो, जो इथे घर घ्यायला, फोन घ्यायला, सगळ्याला लागतो.

क्रेडिटवरूनच, नव्याने आलेल्यांचा इथे काही रेकॉर्डच नसतो, त्यामुळे लॅपटॉपवाली ऑफर बऱ्याचदा नाकारली जाते आणि मग कुणीतरी ओळखीच्या दादाला नाहीतर वहिनीला तुमच्या नावावर घ्या ना म्हणून गळ घालतात. दादा-वहिनींनो, नका करू. प्रेमाने जेवायला बोलवा, श्रीखंड करा, पण सही करू नका. आणि मुलांनो, नकार आला म्हणून लगेच दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कंपनीत अर्ज टाकत बसू नका, ते अर्जही रेकॉर्डवर दिसतात.

लॅपटॉप कसला आहे ते तर अजून बघितलंच नाही आपण. फुकट ते पौष्टिक म्हणतात पण इथे तसं नसतं. असल्या ऑफरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या थरातला माल असतो: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, तेही मोबाइलमध्ये असतं तसलं सोल्डर केलेलं, बदलता न येणारं. विंडोज ११ ला किमान एवढंच लागतं असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, आणि किमान म्हणजे अक्षरशः किमान, खिचडीला किमान डाळ-तांदूळ लागतात तसं. विंडोजच निम्मी जागा खाते, मग अपडेट आला की जागा नाही, जागा करा, परत अपडेट. भाचीचा कोर्स डेटा ॲनालिटिक्सचा. तिला १६ जीबी रॅम पाहिजे असं डिपार्टमेंटच्या कागदावरच लिहिलंय. मग हा लॅपटॉप तिच्या काय कामाचा, आणि तिच्या कामाचाच नसेल तर त्याची किंमत २९९ नाही, शून्य धरायला पाहिजे. हे लोक विसरतात. दुकानात तो कितीला आहे हा एक प्रश्न, पण मी पैसे देऊन तो घेतला असता का हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर पहिला विचारायचं कारणच नाही.

क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या सिस्टीमवर चालणारा लॅपटॉप, असेल तर थोडं वेगळं. साध्या वापराला, आजी-आजोबांना, शाळेतल्या पोरांना क्रोमबुक छान चालतो, कमी रॅममध्येही पळतो. दोनच गोष्टी बघायच्या, एक म्हणजे तुमच्या कोर्सची विंडोजवाली सॉफ्टवेअर त्यात चालणार नाहीत, आणि दुसरं त्याचे अपडेट कधी संपतात ती तारीख. प्रत्येक मॉडेलची ती ठरलेली असते. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गुगल दहा वर्षं देतं, पण ती दहा वर्षं त्या मॉडेलच्या आतला हार्डवेअरचा प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुमच्या हातात आला तेव्हापासून नाही.

मी भाचीला काय सुचवलं, तर रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकायला काढलेला. ऑफिसांतून निघालेले तीन-चार वर्षं जुने बिझनेस लॅपटॉप इथे भरपूर मिळतात, वॉरंटीसकट, आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते. नवेपणाचा वास येत नाही एवढंच. कीबोर्ड इथला घेताना एक लक्षात ठेवा, शिफ्ट-तीनला हॅशऐवजी पौंडाचं चिन्ह येतं, पहिला आठवडा पासवर्ड चुकत राहतात.

आता समजा तुमचं गणित बरोबर बसलं आणि घ्यायचं ठरलं. तर घेताना काय बघायचं. लॅपटॉप बऱ्याचदा पहिल्या दिवशी येत नाही. कनेक्शन सुरू होतं, मग काही दिवसांनी ईमेल येतो, त्यातल्या लिंकवर जाऊन ठराविक मुदतीत क्लेम करायचा, नाही केला तर गेला. माझं स्वतःचं असं झालंय, लॅपटॉप नव्हता, कनेक्शनबरोबर शंभर पौंडांचं गिफ्ट कार्ड होतं, ईमेल गेला स्पॅममध्ये, मी डिसेंबरात भारतात, घरचं लग्न, कुठला ईमेल आणि कुठला क्लेम. परत येऊन फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली मुदत संपली. तेव्हापासून मी सही केली की त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकते.

मग लॅपटॉप देणारा कोण, ब्रॉडबँड कंपनी स्वतः की तिसरंच कुणी, हे विचारा. बिघडला तर कुणाच्या दारात जायचं हे त्यावर ठरतं. इथला ग्राहक कायदा चांगला आहे, २०१५ चा, विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत देऊन पैसे मागता येतात, त्यानंतरही दुरुस्ती नाहीतर बदली मागता येते. पण गिफ्ट म्हणून तिसऱ्या कंपनीकडून आलेल्या वस्तूला दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, तरी हप्ता चालूच राहतो हे वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन किंवा फोनवर घेतलं तर १४ दिवसांत विचार बदलायचा हक्क असतो. दुकानात जाऊन घेतलं तर हा हक्क आपोआप मिळत नाही, त्यामुळे दुकानातल्या पोरांशी गोड बोला, पत्रक घ्या आणि घरी या. आणि १४ दिवसांत रद्द करायचं असेल तर लॅपटॉपचा खोका जपून ठेवा, वापरून खराब केला तर पैसे कापू शकतात. तेवढ्या दिवसांत स्पीडही मोजून घ्या. ऑर्डर करतानाच किमान स्पीडची हमी लिहून देतात बहुतेक मोठ्या कंपन्या. पुढे कधी स्पीड त्याखाली गेला आणि तक्रार केल्यावर ३० दिवसांत सुधारला नाही तर त्या हमीखाली दंड न भरता बाहेर पडता येतं. पण बाहेर पडताना लॅपटॉपचं काय, परत द्यायचा की त्याचे पैसे, हे आधी विचारून ईमेलवर घेऊन ठेवा.

बरं, कुणी घ्यावं मग? आमच्या रस्त्यावरच एक नाशिकचं कुटुंब आहे, त्यांनी अडीच वर्षांपूर्वी घेतला आणि बरोबर केलं. स्वतःचं घर, कुठे जायचं नाही, मुलगी सहावीत गेली म्हणून क्रोमबुक घ्यायचाच होता, लॅपटॉपशिवायचा प्लॅन आणि लॅपटॉपचा प्लॅन यात फरक ९ पौंडांचा, म्हणजे २४ महिन्यांचे २१६, आणि दुकानात तोच क्रोमबुक २२९ ला. आवळा देऊन आवळा. वहिनींनी वहीत मांडलं होतं सगळं, मला दाखवायला आल्या होत्या, मी म्हटलं मला काय दाखवता, तुम्हीच माझ्या जागी कामाला जा.

पण त्याच वहिनींचं पुढे काय झालं ते सांगते. चोवीस महिने संपले, क्रोमबुकचे पैसे फिटले. बिल कमी झालं का? नाही. एकाच बिलात कालवलेलं असलं की हप्ता संपला हे बिलाला कळतच नाही, ते तेवढंच येत राहतं, उलट करार संपल्यावर सवलत जाऊन वाढतंही. करार संपायच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने कळवलंच पाहिजे असा ऑफकॉमचा नियम आहे, २०२० पासूनचा, आणि कंपनीने कळवलंही होतं, भाऊंच्या जुन्या ईमेलवर, जो ते आता उघडतच नाहीत. सात महिने ते ९ पौंड जास्तीचे जात होते. ६३ पौंड. गेल्या महिन्यात वहिनी बिल घेऊन आल्या तेव्हा कळलं. आता २०२४ च्या सप्टेंबरपासून कंपनी बदलणं सोपं झालंय, जुन्या कंपनीला फोन करून मिनतवाऱ्या करायला लागत नाहीत, नवीन कंपनीला सांगितलं की तीच सगळं बघते. आम्ही चहा पिता पिता माझ्याच टेबलावर बसून बदलून टाकलं, पंचवीस पौंडांत. भाऊंचा नवा ईमेल घातला आणि वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर पुढची तारीख लिहून घेतली.

भाचीने त्या रात्री बारा वाजू दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज, ऑफर अजून चालूच आहे गं, आता म्हणतात रविवारपर्यंत.